लिंबातलं रक्त आणि शहाणी मी

त्या वर्षी मी पन्नाशीची होते, म्हणजे अगदीच कोवळी. साताऱ्याला अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एका शिबिरात बुवाबाजीच्या युक्त्या शिकून आले होते. कोरेगावला बसमधून उतरतानाच मी ठरवून टाकलं होतं, की आता सगळ्या तालुक्याला शहाणं करायचं. नातवंडं हे ऐकून हसतात. हसू देत, मलाही हसू येतं.

आमच्या गल्लीत तेव्हा वातावरण गढूळ होतं. शेजारची सून तापानं अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी तिच्या सासूनं देवरुषी आणला. त्यानं उंबऱ्यावर लिंबू कापलं, तर आतून रक्तासारखा लाल रस गळाला. करणी झालीय म्हणाला. करणारी याच गल्लीतली, तिच्या हातचं रोज तुमच्या पोटात जातं. नाव अमावस्येला सांगणार होता. लाल लिंबाचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि नावाची गरजच उरली नाही. गल्लीला दूध घालणारी बाई एकच, कोपऱ्यावरची. नवरा सैन्यातून परत आला आणि थोड्याच दिवसांत वारला, तेव्हापासून तिनं म्हशींवर घर धरलेलं. दुसऱ्या दिवसापासून तिला दारं उघडेनात. कुणाकडं म्हणे पाहुणे गेले होते, कुणाला डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं होतं. भरलेली किटली घेऊन ती माझ्याकडं आली.

"बाई, अमुशाला माझं नाव निघालं, तर म्हशी इकून मला माहेर गाठावं लागंल."

मी तिला धीर दिला. शाळेत मुलांना शिकवून शिकवून मला वाटायचं, की नीट समजावून सांगितलं की माणसाला कळतंच.

मंगळवारी दुपारी देवळात बायकांचं भजन असतं. ते संपल्यावर मी प्रयोग लावला. काळी साडी नेसले, अर्धे पांढरे झालेले केस मोकळे सोडले, आणि आरशात पाहून मलाच जरा भीती वाटली. शिबिरात एक गोष्ट बजावून सांगितली होती: लिंबू लाल झालं की लगेच युक्ती उघडी करायची. पण इतकी छान भीती पसरलेली असताना लगेच कोण उघडं करतं? मी घुमले, डोळे फिरवले, लिंबू कापलं. टपटप लाल रस पडला. टाळ खाली ठेवायचंही कुणाला सुचेना. मी मनातल्या मनात स्वतःवर खूश होऊन गप्प उभी राहिले.

तेवढ्यात सगळ्या बायकांनी माना वळवल्या. माझ्याकडं नाही, मागं खांबाला टेकून बसलेल्या दूधवालीकडं. हिच्यासमोर कापलं म्हणून रक्त आलं, असं कुणीतरी पुटपुटलं.

मग मी घाईघाईनं सांगू लागले, की सुरीला जास्वंदीचं फूल चोळून वाळवलंय, लिंबाचा आंबट रस लागला की ते लाल होतं. कुणी ऐकेना. शेजारची सासू उठून पुढं आली. तिनं सुरीचा वास घेतला, पात्यावरून बोट फिरवलं, माझ्या मोकळ्या केसांकडं पाहिलं.

"सुरी तुमची, लिंबू तुमचं, आन् दूधबी तुमी हिचंच पिता. आमी कशावर इश्वास ठेवायचा?"

ती घरी गेली, आपली विळी आणि आपल्या झाडाचं लिंबू घेऊन आली. कापलं. साधा रस. मग देवळामागची जास्वंद स्वतः तोडून पात्याला चोळली, वाळेपर्यंत तिथंच राखण करत बसली आणि दुसरी फोड केली. लाल. मला वाटलं, आता माझं कौतुक होणार. तिनं विळी उचलली आणि सरळ घरी निघून गेली. त्या दिवशी दूधवाली रडली, आणि मी घरी येऊन केसांचा गुंता काढत बसले.

अमावस्येला देवरुषी आला. आम्ही सगळ्या काही ना काही निमित्तानं शेजारच्या अंगणात होतोच. त्यानं सुरी काढायच्या आत सुनेच्या सासूनं, म्हातारीनं, आपली विळी त्याच्यापुढं सरकवली.

"आज ह्याच्यावर कापा."

परक्या पात्यावर शक्ती उतरत नाही, असं तो म्हणाला. मग त्याची सुरी धुऊन घ्यावी, असं तिनं सुचवलं. तर म्हणाला, पाण्यानं ती बाटते. म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली, देवळात माझ्या केसांकडं बघितलं होतं तशीच. नाव न सांगताच तो चहा पिऊन गेला.

सकाळी म्हातारीनं दूध घेतलं. आधी मांजराला पाजलं, तासभर त्याच्यावर नजर ठेवली, मग चहा टाकला. तिच्या मागोमाग बाकीची दारंही हळूहळू उघडली.

आठवड्यानं दूधवाली खरवस घेऊन माझ्याकडं आली. आत येऊन तिनं दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, आता कुणी न्हाई. त्या देवरुषाचं तोंड तुमीच मंतरून बांधलं न्हवं?"

मी पुन्हा पहिल्यापासून जास्वंद, लिंबू, आंबट रस, सगळं समजावलं. ती मान डोलवत राहिली.

"व्हय व्हय, जास्वंदच. म्या कशाला कुणाला सांगतीय. पर आमची धाकटी म्हस आटाय लागलीया, तिचंबी येवढं बघा की."

जनावरांच्या डॉक्टरांना दाखव, म्हटलं, तर तिनं मला डोळा मारला.