शमीमखालांनी विचारलेला प्रश्न

शमीमखाला माप घेण्याआधी मुलीला हसवायच्या. ती हसल्याशिवाय गळ्यातली टेप काढायच्याच नाहीत. "रुसलेल्या पोरीचं माप चुकतं," त्या म्हणायच्या. "खांदे आवळून उभी राहती. मंग ड्रेस काखेत तंग होतो अन् नाव माझं खराब होतं."

कळमनुरीत मी ज्या शाळेत विज्ञान शिकवते, तिथल्या मुलींचे गणवेश वर्षानुवर्षं त्याच शिवत. जूनमध्ये शाळा उघडली की चार-पाच दिवस व्हरांड्यात सतरंजी टाकून बसत. वय पन्नाशीपुढचं, दात पानाने लाल, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्या लांबट वहीत प्रत्येक मुलीचं एक पान असे. पाचवीत आलेल्या मुलीचं माप दहावीपर्यंत त्याच पानावर, एकाखाली एक लिहिलं जाई.

एकदा मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "पाचवीची पोरगी हात पसरून उभी राहती, जशी उडूनच राहिली. सातवीत आली की ओढणी सारखी करत राहती. नववीत तर मानच वर न्हाई. 'खाला, ढिला शिवा, अजून ढिला शिवा.' मंग दहावीच्या साली कोणी कोणी परत सरळ उभी राहती. पण सगळ्या न्हाई, मॅडम. ज्या न्हाई राहात, त्यांच्याकडं कोण बघतं?"

"वयच तसं असतं," मी हसून म्हणाले. किशोरवयीन मुलींसाठीचं व्याख्यान शाळेत मीच द्यायचे. या वयात मनात काय काय बदलतं, त्याचे मुद्दे मी फळ्यावर लिहायचे आणि मुली वहीत उतरवून घ्यायच्या.

माझी ऋतुजा त्याच शाळेत होती. ती नववीत गेली त्या जूनमध्ये माप देऊन वर्गात परतली आणि खालांनी मला हाक मारली. वही पुढे धरली.

"बुरा मानू नका, मॅडम. बाकीच्या पोरींचं माप वाढून राहिलं अन् हिचं छातीला दोन इंच घटलं. जेवती का बराबर? मी तीनदा हसवलं तिला, हसली न्हाई. डोळ्यात पाणीच आलं. काहून म्हणून इचारलं, तर म्हणती, खाला, मला काहीच आवडंना."

शेजारी उभ्या असलेल्या दोन शिक्षिकांनी हे ऐकलं. माझ्या अंगाची आग झाली. ऋतुजा अर्धा डबा परत आणते, आली की खोलीचं दार लावून घेते, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण ती वर्गात पहिल्या तिघींत होती, आणि तेवढ्यावर मी निर्धास्त होते. आता शिवणकाम करणाऱ्या एका बाईने माझ्याच मुलीविषयी मला चारचौघींत सांगावं, एवढंच मला टोचलं.

"तुम्ही कपडे शिवा," मी म्हणाले. "लेकरांचं बघायला आम्ही आहोत."

"व्हय मॅडम." त्यांनी वही मिटली.

मी तिथेच थांबायला हवं होतं. मार्चमध्ये पुढच्या वर्षीच्या गणवेशाची मीटिंग झाली. कुणीतरी तयार कपड्यांचं सुचवलं. मुख्याध्यापक म्हणाले, शमीमबाईंविषयी कुणाची तक्रार नाही, मग बदलायचं कशाला? तेव्हा मी बोलले. "माप घेताना त्या मुलींना नको ते विचारतात. पालकांना आवडत नाही." एकाही पालकाने असं म्हटलेलं नव्हतं. पण माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही. जूनमध्ये हिंगोलीहून तयार गणवेशांचे गठ्ठे आले आणि व्हरांडा रिकामा राहिला.

ऋतुजा दहावीत होती. ऑगस्टमध्ये तिच्या क्लासच्या सरांचा फोन आला, महिनाभर ती आलेलीच नाही. रोज ठरल्या वेळी ती घरातून निघत होती. मैत्रिणीला खोदून विचारलं, तेव्हा तिने खालांचं घर सांगितलं.

मशिदीमागच्या गल्लीतलं ते दार उघडंच होतं. ऋतुजा खाली बसून ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं कालवण खात होती. बाजूला हुक लावायचे ब्लाउज पडले होते. तिला असं निवांत जेवताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मला बघताच तिचा घास हातातच राहिला.

खाला मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "गावाबाहेरच्या तळ्याच्या पाळीवर एकटी बसली होती. मला ते बराबर वाटलं न्हाई, म्हणून घेऊन आले. तवापासून येती. आईला सांग म्हणून रोज सांगून राहिले. ती म्हणती, आई ऐकत न्हाई, समजावून सांगती. तुमच्याकडं यायचं लई मनात आलं, पण मागं तुमी तशा बोलल्या होत्या... नांदेडला मनाचा डॉक्टर हाये. माझ्या भाचीला गुण आला. घेऊन जा, मॅडम. आता उशीर करू नका."

दुसऱ्याच दिवशी आम्ही नांदेडची एसटी धरली. औषधं, डॉक्टरांशी बोलणं, काही दिवस बरे, मग पुन्हा अंथरुणात तोंड खुपसून पडणं. दहावीची परीक्षा तिने एक वर्ष उशिरा दिली. या सगळ्यात तिचं खालांकडे जाणं सुरूच होतं आणि आता मी अडवत नव्हते.

निकालानंतर पेढे घेऊन मी एकटीच खालांकडे गेले. सगळं कबूल करायचं असं ठरवून गेले होते. पेढा हातात घेऊन त्याच म्हणाल्या, "एक इचारू, मॅडम? शाळेचं काम माझं काहून गेलं? मिटिंगात कोण बोललं असंल?"

मी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावत बसले. "मला नाही माहीत, खाला," म्हणाले. "तयार कपड्यांचंच चाललंय ना आता सगळीकडे."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "व्हय, जमाना तसाच हाये," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

गेल्या हिवाळ्यात शमीमखाला गेल्या. ऋतुजा कॉलेजमधून तातडीने आली. मी त्यांच्या घरी बायकांमध्ये बसले होते, तर त्यांची सून माझा हात धरून म्हणाली, "अम्मी तुमचं लई नाव काढायच्या." मला वर बघवेना.

परतताना बाजाराच्या रस्त्यावर मी ऋतुजाला सगळं सांगितलं. मीटिंगमधलं बोलणं, आणि नंतरचं ते 'मला नाही माहीत'. ती चालतच राहिली.

"मला माहीत होतं, आई. खालांनाही माहीत होतं. मीटिंग झाली त्याच आठवड्यात शाळेतल्या शिपाई मावशींनी त्यांना येऊन सांगितलं होतं."

म्हणजे तळ्याच्या पाळीवरून माझ्या मुलीला घरी आणलं, तेव्हा त्यांना ठाऊक होतं. भाकरी वाढली, तेव्हाही.

"मग त्यांनी मला का विचारलं?"

ऋतुजा थांबली. "तू सांगशील असं वाटलं असेल त्यांना," ती म्हणाली.