अण्णांची खूण

अण्णांच्या तेराव्याची माणसं जेवून गेली, भांडी घासून झाली, आणि मी आईला म्हटलं, मी भिवंडीला जाऊन येते. आई म्हणाली, "तिथं काय ठिवलंय आता?" खरंच काही ठेवलेलं नव्हतं. पण एक खूण माझ्या डोक्यात अडकून बसली होती आणि तिचा अर्थ कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. माझ्या जन्माच्या आधीपासून ते भिवंडीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला होते आणि आम्ही सातारा जिल्ह्यात, गावी. गणपतीला यायचे, यात्रेला यायचे. लूमच्या आवाजानं कान गेलेले, त्यामुळे बोलायचे ते ओरडूनच; नुसतं "मीठ दे" म्हणाले तरी शेजारी डोकावून बघायचे. आम्हाला ते कायम रागावलेलेच वाटायचे. परत जायचे ते पहाटेच्या एसटीनं, कुणालाही न उठवता. सकाळी अंथरुणाची घडी तेवढी दिसायची.

शेवटी गावी असतानाच अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. उरला डावा हात. त्या हाताचा अंगठा ते हनुवटीजवळून मागे खांद्याकडे न्यायचे, मग तळहातानं गादी थोपटायचे आणि समोरच्याकडे टक लावून बघत राहायचे. पुन्हा तेच, दिवसभर तेच. आम्ही म्हटलं, पाणी हवंय. चमच्यानं पाणी घातलं की तोंड फिरवायचे. उशी बदलून बघितली, पंखा बंद करून बघितला, अंगारा लावला. कशानंच भागेना. ते चिडायचे आणि मीही चिडायचे. घरातलं माणूस काहीतरी सांगतंय आणि भरल्या घरात एकालाही ते कळू नये, याची मला फार लाज वाटायची. मग एका संध्याकाळी त्यांचं ते करणं आपोआप थांबलं. आम्हाला वाटलं, दमले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

गावात ती खूण कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून ही भिवंडी. कल्याणहून एसटी पकडली. शेजारी रिकामी टोपली मांडीवर घेतलेली एक बाई होती, भिवंडीजवळच्या अंजूरची, बाजार उरकून निघालेली. कुठे चाललात म्हणून तिनंच विचारलं. भिवंडीतल्या नारपोलीला लूमचं शेड शोधायचंय म्हटल्यावर म्हणाली, "लूम आता कवरे ऱ्हायलेत ताई? सगली गोदामं झाली. आमच्या शेतावर पन गोदामच हाय." आणि मग खिडकीबाहेर कंटेनरच्या रांगेकडे बघायला लागली.

स्टँडवर उतरले आणि विचारत विचारत चालायला लागले. धामणकर नाक्यावर रिक्षांच्या गर्दीतून रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागला. मला या गावाचा राग येत होता, खोटं कशाला सांगू. माझ्या बापाचं सगळं तरुणपण यानं घेतलं आणि आम्हाला पाठवला तो कान गेलेला, थकलेला माणूस. "बाईमाणसानं बघावं असं काय न्हाई तिथं," असं म्हणत त्यांनी आम्हाला कधी आणलंच नाही. नारपोलीत पाण्याच्या टाकीमागं पत्र्याचं लांब शेड, एवढीच माझ्याजवळची माहिती. टाकी सापडली, शेडही सापडलं. आत छतापर्यंत खोकी रचलेली होती. राखणदार म्हणाला, लूम कधीच भंगारात गेले, मालकही गेला. आता अण्णांना ओळखणारं कुणी भेटेल ही आशा संपली.

तरी परत फिरवेना. पुढच्या गल्ल्यांमधून लूमची खटखट येत होती. दारात जाऊन उभी राहिले की आतले पुरुष संकोचून दुसरीकडे बघायचे. दुपार झाली, पाय बोलायला लागले. तेवढ्यात एक भिशी दिसली. लूमवरचे कामगार महिन्याच्या बोलीवर जेवतात त्या खानावळीला इथे भिशी म्हणतात. तिथल्या बाईनं काही न विचारता मला आतल्या बाजूला बसवलं आणि डाळभात वाढला. तिला मी ती खूण करून दाखवली. ती म्हणाली, "मी भाकऱ्या थापते ताई, लूम नाय चालवत."

पलीकडे एक म्हातारा कामगार जेवत होता. शिफ्ट संपवून आलेला, भुवयांवर कापसाची धूळ. बाईला नीट कळावं म्हणून मी ती खूण पुन्हा केली, आणि त्यानं घास तसाच ठेवून आपला हात वर केला. मग स्वतःच ओशाळून हसला.

"आदत है, बेटी. हात आपोआप जातो."

"म्हणजे काय पण?"

"लूमवर आवाजात ऐकायला येत नाय. बाहेर जायचं असलं तर बाजूवाल्याला असं करायचं. मी चाललो, माझा लूम बघ. त्यानं हात वर केला की जायचं."

"आणि त्यानं नाहीच केला तर?"

"तो नहीं जाने का. धागा तुटला, माल खराब झाला, तर कोण बघणार? खडे रहो, फिर इशारा करो. जब तक वो देखे नहीं, तब तक."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी रडायला लागले, चारचौघांत, अनोळखी गावात. बाईनं माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. पुन्हा पाणीच.

त्या शेवटच्या संध्याकाळी मी तिथेच होते. आई चुलीपासून उठून दमून आत आली. अण्णांनी तिला तीच खूण केली. ती वैतागली आणि हात वर करून म्हणाली, "बास झालं आता. मी हाय न्हवं हितं." त्यांनी तिच्याकडे बघितलं, हात गादीवर ठेवला आणि डोळे मिटले. त्यानंतर तो हात उचललाच नाही.

स्टँडवर परत आल्यावर आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे म्या त्यास्नी जा म्हनलं?" तिनं विचारलं.

"हो, आई."

"अन् मग ते गेले."

"हो."

तिच्या मागे कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"उभ्या जन्मात कदी सांगून गेले न्हाईत," ती म्हणाली. "पहाटं उठून बघावं, तर हातरून रिकामं. ह्या बारीला इचारून गेले."