भरल्या घागरींचं चाक

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या कपाटावरची राख पुसत होतो. परळीत वीजकेंद्राच्या राखेमुळं हे रोजचंच काम आहे. सकाळी पुसलेल्या पुस्तकांवरून दुपारी बोट फिरवलं तर पुन्हा रेघ उमटते. पलीकडून भाची वैशाली म्हणाली, "मामा, आई गेली... झोपेतच." मग थोडं थांबून म्हणाली, "ते चाक ओट्यावरच हाय अजून. त्याचं काय करू?" पोरगी भांबावली असेल असं वाटलं. संध्याकाळी पाटोद्याला आक्काच्या घरी पोहोचलो, तर खरंच ओट्यावर भिंतीला टेकवून सायकलचं एक चाक उभं होतं. लोक त्याच्याशेजारी चपला काढून आत जात होते.

त्या चाकाबद्दल मला लिहायचं आहे. आक्काबद्दल लिहायचं तर त्याला वळसा घालून जाता येणार नाही. शोकसभेत तिला 'मायेची सावली' म्हटलं गेलं, 'शांत, संयमी व्यक्तिमत्त्व' म्हटलं गेलं. माझी थोरली बहीण सुशीला शांत नव्हती, संयमी तर मुळीच नव्हती. ती तापट होती, खवचट होती. दुकानात तूर घेताना दाणा दाताखाली फोडायची आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात सांगायची, "मागच्या सालची हाय ही." मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर गावातल्या ग्राहक सहकारी संस्थेत महिला सभासदांनी तिला संचालक म्हणून निवडून दिलं ते या तिखट जिभेसाठीच. जी माणसं त्या जिभेला वैतागलेली होती, तीच मेल्यावर तिला शांत ठरवत होती. राग तिथूनच सुरू झाला. अजून तो गेलेला नाही.

मागच्या दुष्काळात संस्थेनं मुलींना सायकली वाटायचं ठरवलं. आमच्याकडे दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. शाळा बुडू नये म्हणून मुलींना आजीजवळ ठेवतात. वाडी एकीकडे, शाळा दुसरीकडे, आणि टँकर येतो तो वरच्या फाट्यावर. सायकली आल्या त्या डोंगरात चालवतात तसल्या, जाड खोबणीच्या टायरच्या, पुढं शॉकअप, वर भडक रंग. संस्थेच्या अंगणात फोटो निघाले. आक्कानंही टाळ्या वाजवल्या होत्या, हे तीच नंतर सांगायची. महिनाभरात त्या सायकली कशासाठी लागतात ते वाडीवर सगळ्यांना माहीत होतं, फक्त संस्थेच्या कचेरीत कुणाला माहीत नव्हतं. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना भरलेल्या घागरी बांधून मुली उतार उतरत होत्या. असंच एकदा उतरताना मंगल नावाच्या सातवीतल्या मुलीचं मागचं चाक द्रोणासारखं दुमडलं. कोपराचं हाड मोडलं, पाणी वाटेवर सांडलं. बैठकीत चेअरमन म्हणाले, "सायकल शाळेसाठी दिलती, पाण्यासाठी न्हवं."

आक्का उठून म्हणाली, "तहान काय शाळेच्या फाटकाबाहेर उभी करून येत्यात का पोरी?"

त्यानंतर ती रफिकच्या सायकल दुकानात जाऊन बसू लागली. रफिक तिचाच जुना विद्यार्थी. मी एकदा तिथं होतो. तो म्हणत होता, "बाई, तुमी इथं बसल्यावर माझं गिऱ्हाईक पळतंय." ती म्हणाली, "पळू दे. हे चाक चांगलं हे कशावरून ओळखायचं?" तो म्हणाला, "फिरवून बघा की." तिनं फिरवलं. चाक सरळ फिरलं. "मोकळं तर समदंच सरळ फिरतंय," ती म्हणाली. "साहेब तपासणीला आले की माझ्या वर्गातली पोरंबी सरळच बसायची." टायरवर हात मारून तिनं पुढं विचारलं, "डोंगर नुस्ता रबरावर काढलाय का? आत रिंग तर पत्र्याची हाय."

मग तिनं स्वतःची पद्धत बसवली. संस्थेकडे नमुन्याला आलेल्या नव्या सायकलला दोन्ही बाजूंना भरलेल्या घागरी बांधायच्या, फाट्यापासून वाडीपर्यंतच्या दगडी वाटेनं खाली न्यायची, पुन्हा वर आणायची. मग सायकल ओट्यावर उलटी करायची, खडूचं टोक रिंगेच्या अगदी जवळ धरायचं आणि चाक फिरवायचं. जिथं पांढरी खूण उठेल तिथं चाक वाकून बाहेर आलं. चाकाच्या शेजारशेजारच्या दोन तारा चिमटीत दाबून बघायच्या, कुठली ढिली पडली ते कळतं. शिक्षिका होती, खडू तिच्या पिशवीत निवृत्तीनंतरही असायचाच.

या पद्धतीत ती एकदा चुकली. त्याची किंमत तिनं शेवटपर्यंत मोजली. एका बऱ्या कंपनीचं चाक पहिल्याच खेपेत हललं, म्हणजे वाकडं फिरू लागलं, तेव्हा तिनं भर बैठकीत पुरवठादाराला चोर म्हटलं. नंतर रफिकनं सांगितलं, "बाई, नव्या चाकाच्या तारा पहिल्या वझ्याला बसत्यात. एकदा ताणायच्या, परत वझं द्यायचं. चांगलं असंल तर मग हलत न्हाई. हलकं असंल तर रिंगच दबती, कितीबी ताणा, परत ढिलं." आक्कानं ते चाक ताणून घेतलं, पुन्हा घागरी बांधल्या. चाक हललं नाही. पुढच्या बैठकीत कुणी न विचारता ती म्हणाली, "मी चुकले. ते चाक चांगलं होतं." आमच्या सहकारी संस्थांमध्ये अशी कबुली कुणी देत नाही. दिली तर ती जपून ठेवली जाते आणि वेळेला बाहेर काढली जाते. तेव्हापासून तिनं कशालाही हरकत घेतली की चेअरमन मऊ आवाजात म्हणायचे, "बाई, मागंबी तुमी असंच म्हणलतात." ती चूक ज्या चाकाची होती ते घेतलं गेलं नाहीच. पण चूक मात्र प्रत्येक स्वस्त चाकाच्या मदतीला धावून आली.

यंदा पुन्हा टँकर सुरू झाले, पुन्हा सायकलींचा विषय निघाला आणि नमुन्याला एक सायकल आली. त्या रविवारी मी पाटोद्याला होतो... ती आमची शेवटची भेट. आक्काचे पाय सुजलेले होते, दम लागत होता. खुर्चीत बसून ती मला हुकूम सोडत होती. "तू चालव. पुस्तकं उचलून उचलून काय झिजलास का?" मी घागरी बांधून उतार उतरलो. नमुन्याचं मागचं चाक हललं. रफिकनं येऊन तारा ताणल्या. मी पुन्हा गेलो. वर येईपर्यंत चाक ब्रेकला घासायला लागलं होतं. रफिकनं ते सोडवून तिच्या मांडीवर दिलं. तिनं रिंगेवरून बोट फिरवलं, एके ठिकाणी थांबवलं आणि मला म्हणाली, "इथं बघ." तार जिथं रिंगेत जाते त्या भोकापासून केसाएवढी चीर निघाली होती. "आता म्हणू द्या चेअरमनला, 'मागंबी असंच म्हणलतात'," ती म्हणाली आणि इतकी हसली की तिला खोकला आला. गुरुवारी बैठक होती. चाक घेऊन जायचं म्हणून तिनं ते ओट्यावर ठेवायला लावलं. बुधवारी पहाटे ती गेली.

दहावा झाल्यावर ते चाक मी चेअरमनकडे नेलं. चीर दाखवली. ते हातानं चाळा करावा तसे तारा हलवत राहिले, मग माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "सर, दुःखातनं बाहेर या. समदं आमच्यावर सोडा." पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. मला व्यासपीठावर बसवलं होतं. शेवटी चेअरमननी जाहीर केलं की यंदाच्या सायकली आक्काच्या नावानं वाटल्या जातील. टाळ्या झाल्या. मी त्यांच्याकडे वाकून विचारलं, "चाक कोणतं?"

"तेच, नमुन्याचं. ऑर्डर आधीच गेलती."

"मग तिचं नाव नको."

"सर, लोकांच्या भावना हायत."

लोकांच्या भावना. संस्थेची निवडणूक तोंडावर आली होती आणि महिला सभासद आक्काच्या नावावर उठून येतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी आवाज चढवणारा माणूस नाही. आयुष्य गप्प बसण्याच्या नोकरीत गेलं. पण त्या दिवशी, आणि नंतर दोनदा फोनवर, मी स्पष्ट शब्दांत सांगितलं, की जे चाक तिनं नाकारलं त्यावर तिचं नाव लावू नका. फोनवर ते प्रत्येक वेळी "बघू, बघू" म्हणाले. जिवंत असताना त्यांनी तिला शब्दांनी हरवलं होतं. मेल्यावर तिच्याकडून सही करून घेतल्यासारखंच हे होतं.

वाटपाच्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं गेलो. अंगणात सायकलींची रांग लावली होती. प्रत्येक सायकलच्या चेनच्या कव्हरवर निळा कागद चिकटवलेला होता, कै. सुशीलाबाई स्मृती सायकल. पहिल्या सायकलचं मागचं चाक उचलून मी फिरवलं. अर्थातच सरळ फिरलं. मग मी खाली बसलो आणि तो कागद नखांनी खरवडायला लागलो. कुणीतरी आत पळत गेलं. चेअरमन बाहेर आले, "सर, हे काय करताय... अहो, लोक बघायलेत," म्हणाले. मी दुसऱ्या सायकलकडे सरकलो.

रांगेतली एक म्हातारी नातीला घेऊन पुढं आली. "भाऊ, नाव कावून काढायलात?"

"मावशी, आक्कानं हे चाक नापास केलं होतं."

"बाईनं? सवता बघून?"

"स्वतः बघून. मरायच्या आधी."

तिनं टायर दाबून पाहिला. "मग आमी घ्यावं का न्हाई?"

"घ्या. पोरगीला शाळेला जाऊ द्या. फक्त पाणी लादू नका."

"पाण्यासाठीच तर सकाळपासनं हुबी हाय की, भाऊ."

मी म्हणालो, "मग नका घेऊ." ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली नव्हती, पण तिच्या नजरेला नजर देता येईना. "न्हाई घेतली तर पोरगी डोईवर आणती," ती म्हणाली. तिनं नातीच्या हातात हँडल दिलं आणि कव्हरवर अजून शिल्लक असलेल्या अक्षरांकडे बोट केलं. "तुमी नीट काढा. एकबी अक्षर ऱ्हाऊ देऊ नगा. पोरगी पडली तर मी शिव्या देणार हाय. त्या बाईला नकोत लागायला."

तिनं सायकल धरून ठेवली आणि मी उरलेलं खरवडलं. मग मागच्या बाईनं तिची सायकल पुढं आणली, मग तिच्या मागचीनं... दुपारपर्यंत सगळ्या सायकली गेल्या, त्याच चाकांवर, बिननावाच्या. रात्री वैशालीनं ताट वाढलं तेव्हा हात दोनदा धुऊनही नखांत निळा कागद अडकलेला होता. मी तसाच जेवलो.