माहितीपुस्तकात नसलेली मुलगी

मद्रासला समुद्रासमोरच्या विद्यापीठात, रजिस्ट्रार ऑफिसच्या चौकशी खिडकीवर मी नोकरीला लागले तेव्हा त्या खोलीत मी एकटीच बाई होते. पदवी मी याच विद्यापीठाची घेतली होती, त्यामुळे खिडकीत बसताना मला उगीचच घरच्यासारखं वाटे. कोणी प्रवेशाची चौकशी करायला आलं की माहितीपुस्तक पुढे सरकवायचं, एवढंच माझं काम. विषय, पात्रता, शेवटची तारीख, सगळं त्या इंग्रजी पुस्तकात होतं.

एका जूनमध्ये तंजावरहून एक शाळामास्तर आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी तिरुचीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली होती आणि तिला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. मास्तरांनी बाकावर बसून पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मग दोघं आपसात बोलू लागले, ते तंजावरच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आमच्याही घरातलं जुनं मराठी. मी खिडकीतून मराठीतच विचारलं, "काही अडलं का?"

मास्तर चकित होऊन उठले. "तुम्ही आमच्यातल्याच की! मग खरं सांगा, अम्मा. ह्या पुस्तकात सगळीकडे विद्यार्थी म्हणजे 'तो'. तो अर्ज करील, तो फी भरील, तो वसतिगृहात राहील. 'ती' कोठेच नाही. मुलीला येथे घेतात की नाही?"

मी हसले नाही. ते पुस्तक मी शेकडो वेळा हातात घेतलं होतं आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"घेतात. मी येथेच शिकले," मी म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा, दाखवते."

डबा तसाच ठेवून मी त्यांना घेऊन निघाले. आधी ग्रंथालय. मास्तरांनी चपला बाहेर काढल्या. तिथे कोणी काढत नसे. मग वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा. तिथे संशोधन करणाऱ्या एक बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. त्यांनी मुलीला जवळ बोलावून काचपट्टीवरची बुरशी दाखवली. मुलगी बराच वेळ डोळा लावून राहिली. मग तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि तमिळमध्ये विचारलं, "रविवारी प्रयोगशाळा उघडी असते का?"

"बुरशीला रविवार ठाऊक नसतो," बाई म्हणाल्या. "यावंच लागतं."

मुलीचा चेहरा असा उजळला की मास्तर तिच्याकडे पाहतच राहिले. शेवटी आम्ही मुलींच्या वसतिगृहात गेलो. तिथल्या मेट्रनशी मास्तर जेवणाबद्दल आणि भेटीच्या वेळांबद्दल सविस्तर बोलले. परत आल्यावर त्यांनी माझ्याच खिडकीवर अर्ज भरला.

ते गेल्यावर मी एक कागद घेतला आणि मुलींसाठी एक पान लिहून काढलं. कुठे राहता येतं, दुपारी कुठे बसून जेवता येतं, प्रयोगशाळेत आज कोणकोण स्त्रिया काम करतात. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रारसाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढला.

"हे कुठल्या नियमात आहे?"

"नियमात नाही, सर. पण हे सगळं आपल्याकडे आहे. बाहेरच्यांना ते कळत नाही."

त्यांनी लाल पेन्सिलीने माझी चार वाक्यं खोडली, एका ठिकाणी इंग्रजी सुधारलं आणि कागद छापखान्याच्या फायलीत ठेवला. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात ते पान आलं. खाली कोणाचं नाव नव्हतं, तरी मी एक प्रत घरी नेली आणि आईला मराठीत अर्थ सांगत सगळं पान वाचून दाखवलं. आई म्हणाली, "पुन्हा वाच."

मास्तरांची मुलगी दोन वर्षांनी एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाली. पदवीदान समारंभाला मास्तर जरीकाठी उपरणं घालून आले होते. झग्यातली मुलगी सभागृहातून बाहेर आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून तिला पाया पडायला सांगितलं. मी तिला अर्ध्यातच धरलं.

पुढे ती एका जिल्ह्याच्या गावी मुलींच्या कॉलेजात शिकवू लागली. त्यानंतर जून महिन्यात कधीतरी दोन-तीन मुली खिडकीशी येत आणि म्हणत, "आमच्या मॅडमनी सांगितलंय, आधी तुम्हाला भेटायचं." मी शेजारच्या कारकुनाला खिडकी सांभाळायला सांगे आणि त्यांच्याबरोबर निघे. त्या ऑफिसात मला पुढे बढती मिळाली, वेगळी खोली मिळाली. पण त्या मुली माझं नाव विचारत आल्या की मान जशी ताठ होई, तशी त्या खोलीत बसून कधी झाली नाही.