सोबत झोपणाऱ्याने भरायचा कागद

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर अमीरबीने सुनेला वही घेऊन बसवलं. मंगळवारी नांदेडला डॉक्टरकडे जायचं होतं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं की येताना प्रश्न लिहून आणा, कारण माणसं इथे येऊन सगळं विसरतात आणि बसमध्ये बसल्यावर त्यांना आठवतं. तपासणीत असं निघालं होतं की अमीरबीचा नवरा मकसूद झोपेत तासाला चाळीसेक वेळा श्वास घ्यायचा थांबतो. आता नाकावर मुखवटा बांधून, हवा सोडणारं यंत्र उशाशी ठेवून झोपायचं होतं, आणि तेही कायमचं.

मकसूद लातूरच्या त्या गल्लीतला जुना शिंपी. शाळांचे गणवेश शिवण्यातच त्याची हयात गेली. गेली दोन-तीन वर्षं तो मशीनवर बसल्या बसल्या पेंगायचा. गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं आणि हा टेप धरून झोपलेला, ही गोष्ट गल्लीभर झाली होती. ती सगळ्यांत रंगवून सांगायची ती खुद्द अमीरबी. मग एकदा सुई त्याच्या बोटातून आरपार गेली आणि ती गोष्ट सांगणं तिने बंद केलं.

सून नाझनीन बारावी झालेली, अक्षर सुरेख. अमीरबी सांगत गेली, ती लिहीत गेली. लाइट गेली तर यंत्र बंद पडणार, मग काय करायचं? दाढीवर मुखवटा घट्ट बसतो का? रमजानमध्ये पहाटे सहरीच्या जेवणाला उठल्यावर पुन्हा झोपताना लावायचं का? उदगीरला लग्नाला गेलं तर सोबत न्यायचं का? रक्तदाबाची गोळी सुटेल का? दाढीच्या प्रश्नाला नाझनीन हसली. अमीरबीही हसली, आणि काम झपाट्याने पुढे सरकलं.

मग नाझनीनने डॉक्टरांनी दिलेला छापील कागद उलगडला. पहिलं पान पेशंटचं होतं, ते मकसूदने सांगून भरून घेतलं होतं. दुसऱ्या पानावर वर ठळक लिहिलं होतं, 'सोबत झोपणाऱ्या व्यक्तीने भरावे'. श्वास थांबल्याचं तुम्ही स्वतः पाहिलं आहे का? कधीपासून?

"अम्मी, हे तुम्हीच..." एवढं म्हणून नाझनीन थांबली. ती या घरात लग्न करून आली तेव्हापासून अब्बा पुढच्या दुकानात झोपत होते आणि अम्मी आत.

अमीरबी म्हणाली की हे पान उद्या बघू.

उद्या बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिला उत्तर पाठ होतं. भूकंप झाला त्या साली लातुरात कोणी छपराखाली झोपायला धजत नव्हतं. सगळी गल्ली शाळेच्या मैदानावर चादरी अंथरून पडायची. जमीन पुन्हा हलते की काय म्हणून अमीरबी बसून असायची, आणि तिथे तिने पहिल्यांदा पाहिलं. मकसूद घोरता घोरता गप्प झाला. छाती हलेना. तिने मनात पंधरापर्यंत मोजलं आणि त्याला गदागदा हलवलं. तीन आठवडे ती त्याला हलवत होती. किल्लारीकडे अख्खी गावं गाडली गेली होती, तिथे नवऱ्याच्या श्वासाचं रडगाणं कोणापुढे गाणार? माणसं घरात परतली आणि ते हलवणं तिच्या अंगवळणी पडलं. दहा वर्षं तिने एक झोप सलग घेतली नाही.

पुढे लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. घरोघर लोक खोल्या काढून बाहेरगावची मुलं ठेवू लागले. अमीरबीनेही मागच्या बाजूला पत्र्याची भिंत घालून एक खोली काढली. पहिल्याच भाडेकरूने तक्रार केली की काकांच्या घोरण्याने मुलाचा अभ्यास होत नाही. म्हणून २००३ साली मकसूदचं अंथरूण दुकानात, कापायच्या टेबलाशेजारी गेलं. त्या दिवसापासून अमीरबीला गाढ झोप लागू लागली. ती झोप तिला फार गोड लागली, आणि तेच आता तिला खात होतं.

ती विचारात असतानाच तुळजाबाई वाळलेले कपडे घ्यायला अंगणात आली. ती देवणीची. लेकीला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या शिकवणीला घातलं होतं आणि स्वयंपाकाला स्वतः सोबत येऊन राहिली होती. गेल्या साली अमीरबीने दुकानामागची अडगळ काढून तीही खोली भाड्याने दिली, त्यात या मायलेकी. हातावर कपडे टाकता टाकता तिने विचारलं की कसली लिखापढी चाललीय. नाझनीनने भोळेपणाने प्रश्न वाचून दाखवला.

"मग मला इचारा की," तुळजाबाई म्हणाली. "त्यांच्यात अन् माझ्यात पत्राच हाय नुसता. आवाज बंद झाला की मी दोन बोटं वाजवते पत्र्यावर. मग घेतेत बघा दम."

"कधीपासून?" अमीरबीने विचारलं.

"आलो तवापासून. दीड वरीस झालं असंल. मला वाटलं तुमाला ठाव हाय." कपडे सावरत ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "आमच्या देवणीला बैल आजारी पडला तरी कुणीतरी गोठ्यात जाऊन झोपतंय, भाबी. तुमी शहरातली मान्सं लई गाढ झोपता."

अमीरबी उठली आणि दुकानात गेली.

मकसूद गणवेशाची कॉलर बसवत होता. ती टेबलाला टेकून उभी राहिली. तिने मैदानावरचं सांगितलं, पंधरा मोजल्याचं सांगितलं. त्याने पायडल थांबवलं नाही. म्हणाला की तो जमानाच तसा होता, तेव्हा कोण डॉक्टरकडे जायचं.

"अजून आहे," ती म्हणाली. "ज्यांनी तक्रार केली ते भाडेकरू दोन महिन्यांत सोडून गेले. नंतरच्या पोरांनी कधी काही म्हटलं नाही. मी तुम्हाला परत आत बोलावलं नाही. तुमचा श्वास थांबतो हे माहीत असून."

आता पायडल थांबलं. मकसूदने सुईखालचं कापड सोडवलं, दोरा तोडला, कॉलर उलटीसुलटी करून पाहिली.

"मला वाटायचं माझं काही चुकलं," तो म्हणाला. "वर्षभर आठवत होतो, तुला काय बोललो असेन. मग आठवायचं सोडून दिलं."

तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याने रागावून चार शब्द बोलावेत असं तिला वाटत होतं, पण त्याने दुसरी कॉलर घेतली.

अमीरबी आत आली. नाझनीनला म्हणाली की ते पान काढ आणि मी सांगते ते जसंच्या तसं लिही. स्वतः पाहिलं आहे का, हो. कधीपासून, ऑक्टोबर १९९३. सोबत कोण झोपतं, २००३ पासून कोणी नाही. दीड वर्षापासून भिंतीपलीकडून भाडेकरू बाई लक्ष ठेवतात. नाझनीनने मान वर न करता सगळं लिहिलं.

"आता वहीत अजून एक प्रश्न. सुरुवातीलाच दाखवलं असतं तर यांचं दुखणं इथवर आलं असतं का?"

दुकानाच्या पडद्यापलीकडून मकसूदचा आवाज आला. "ते नको विचारू. डॉक्टर 'नसतं आलं' म्हणाले, तर तू काय करशील?"

नाझनीनचं पेन अडलं. ती सासूकडे बघू लागली.

"लिही," अमीरबी म्हणाली. "आणि पुढे माझं नाव टाक. हा प्रश्न यांचा नाही, माझा आहे."