तिसरा सामना

आज कपाटातून मधूची टेनिसची रॅकेट काढली, तर मुठीवरचं जुनं रबर हाताला चिकटलं. त्याच्या आंबट वासाने ती दुपार आठवली.

माझी नात मधू देशाच्या बायकांच्या संघात राखीव होती. परदेशात प्ले-ऑफची लढत होती. आधी दोन एकेरी सामने, मग एक दुहेरी. रिसोडला आमच्या घरी शेजारणी टीव्हीसमोर बसल्या होत्या. मधू दिसली ती टॉवेल देताना.

"खेळाले गेली का पाणी वाटाले?" शेजारची शकुंतला हसली.

"पह्यल्या दोघी हरल्या, तर दुहेरी नुसती नावाले रायते, मंग मधूले घेतीन," मधूचा बाप म्हणाला.

मी लगेच देवाला सांगितलं, दोघींना हरव. त्या हरल्या. सगळे हळहळले, मी मात्र पुढे सरकून बसले.

तेवढ्यात दोन्ही संघांनी हात मिळवले. निकाल लागलाच आहे, म्हणून दुहेरी खेळवणार नाहीत, असं टीव्हीवर सांगितलं.

"काहून?" मी विचारलं.

मधूला पुन्हा कधी बोलावलं नाही. तेव्हा मी देवाला शिव्या घातल्या. पण मी मागितलं होतं, तेवढं सगळं त्याने दिलं होतं.