पत्रे बांधायला सांगितले, पण कसे

धुळ्याजवळच्या एका शेतकी फार्मवर मी हवामानाच्या नोंदी घेते. तारेच्या कुंपणात पांढरी जाळीदार पेटी, तिच्यात तापमापक, बाजूला पर्जन्यमापक आणि खांबावर वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या. सकाळी साडेसातला आणि दुपारी अडीचला आकडे वाचायचे, रजिस्टरमध्ये लिहायचे. घर धुळ्यातच, देवपुरात. गल्लीत सगळे मला हवामानवाली ताई म्हणतात.

आमच्यासमोर गाद्या भरणारे चाचा राहतात. पुढे दुकान, मागे घर, दोन्हींवर पत्रे. दोन वर्षांपूर्वी वादळाचा इशारा आला तेव्हा मी दारोदार सांगत फिरले होते. चाचांनी सगळा कापूस ओळखीच्यांच्या पक्क्या घरात हलवला, दोन दिवस दुकान बंद ठेवलं. वादळ दुसरीकडेच गेलं. इथे पानही हललं नाही. चाचांनी कापूस परत आणून दुकान उघडलं, पण चहाच्या टपरीवरचे लोक बरेच दिवस मला विचारत, "ताई, आज छत्री घेऊ का?" ते मला फार लागलं होतं.

यंदा जूनच्या सुरुवातीला मोबाईलवर पुन्हा इशारा आला, दुपारी वादळी वारे. फार्मवर पोहोचले तर हवेचा दाब कालच्यापेक्षा बराच उतरलेला, वादळाआधी उतरतो तसा. आमचे शिपाई, नाना, खांबावरच्या न हलणाऱ्या वाट्यांकडे बघत अहिराणीत म्हणाले, "ताई, बठ्ठं गपचूप शे आज. हाई काही बरं नही."

आम्ही रोपवाटिकेवरची हिरवी जाळी उतरवली, अवजारांच्या शेडवर वाळूची पोती चढवली. मग मी चाचांना फोन केला.

"चाचा, वाऱ्याचा इशारा आहे. जमलं तर पत्रे बांधून घ्या."

"नक्की येणार का, बेटी? लग्नाच्या गाद्या द्यायच्या आहेत आज."

"नक्की कसं सांगणार? कदाचित इकडे येणारही नाही."

ते शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. उतरलेला दाब मी स्वतः लिहून ठेवला होता. पुन्हा हसं व्हायला नको, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

अडीचची नोंद घेऊन मी वळले आणि साक्रीच्या बाजूने धुळीची पिवळी भिंत येताना दिसली. नानांनी मला हाताला धरून ऑफिसात ओढलं. बाहेर खांब वाकला, वाट्या उडून गेल्या. मी चाचांना फोन लावत राहिले, पण लागेना.

वारा पडल्यावर घरी निघाले. रस्त्यात कडुलिंब आडवे पडले होते, शेवटचा पल्ला चालतच गेले. गल्लीत विजेच्या तारांना ओला कापूस लोंबत होता. चाचा ओट्यावर बसले होते, उजव्या हाताला गुंडाळलेला टॉवेल लाल झालेला.

चाची रडत म्हणाल्या, "वारा सुटला तेव्हा दोरी घेऊन वर चढले. पत्रा उचलला गेला, तो यांनी हाताने धरला."

रिक्षातून दवाखान्यात नेताना मी म्हटलं, "चाचा, चुकलं माझं. सकाळी मला दिसत होतं. मी ठासून सांगायला हवं होतं."

"तू तर सांगितलं होतं, बेटी," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

ऑपरेशन झालं, हात वाचला. पण दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, सुई धरता येत नाही. आता टाके चाची घालतात, चाचा कापड मापून देतात.

पुढच्या इशाऱ्याला मी फोन केला नाही. रजा टाकली, शिडी घेऊन त्यांच्या दारात गेले. पत्र्याला तार आवळताना चाचा खालून डाव्या हाताने पक्कड देत होते. त्या दिवशी वारा आलाच नाही. संध्याकाळी मी तारा सोडायला गेले, तर चाचांनी शिडी लावू दिली नाही.

"राहू दे तारा, पुढच्या वाऱ्याला लागतील," म्हणाले आणि आत गेले.